पूर की पुर? कानाने वाचणाऱ्याचे शुद्धलेखन

कृष्णाकाठ, सांगली

गेल्या आठवड्यात पाणीपातळीच्या चर्चेत मी ‘पुर ओसरला’ असे लिहिले आणि मेणवलीच्या बाईंनी, अतिशय सौम्य शब्दांत, उकार चुकल्याचे दाखवून दिले. त्यांचे आभार मानताना मी ओघातच लिहून गेलो की मला दिसत नाही आणि मी स्क्रीन रीडरने, म्हणजे पडद्यावरचा मजकूर आवाजात ऐकवणाऱ्या साधनाने, वाचतो. त्यानंतर मला जे निरोप आले त्यांतील बहुतेकांचा सूर एकच होता : दिसत नाही, तर तुम्ही आमच्याशी एवढा वाद कसा घालता? घरातले कोणी लिहून देते का? प्रत्येकाला वेगळे उत्तर देण्यापेक्षा येथेच सविस्तर लिहितो.

मला कोणी लिहून देत नाही. रेटिनायटिस पिगमेंटोसा या आनुवंशिक विकाराने माझी दृष्टी हळूहळू गेली. चाळिशीपर्यंत मी डोळ्यांनी वाचत होतो, त्यानंतर कानांनी वाचू लागलो. संगणकावर मी एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर वापरतो आणि फोनवर टॉकबॅक नावाचा. अनेकांची अशी समजूत असते की हे यंत्र पडद्याकडे ‘पाहून’ मला काय दिसते ते सांगते. तसे नाही. पानामागे जो मजकूर अक्षररूपाने साठवलेला असतो तो ते घेते आणि आवाजाच्या इंजिनाकडे सोपवते. त्यामुळे अक्षरांचा रंग, आकार, डावीउजवी बाजू यांतले काहीही माझ्यापर्यंत येत नाही. तुम्हाला पान एका नजरेत दिसते. मला तेच पान लांबलचक एकाच ओळीसारखे भेटते आणि त्या ओळीवर मी कळींच्या साहाय्याने उड्या मारीत जातो. ‘एच’ दाबले की पुढचे शीर्षक, ‘के’ दाबले की पुढचा दुवा, ‘ई’ दाबले की लिहिण्याची चौकट. पन्नास प्रतिसादांच्या चर्चेत प्रत्येक प्रतिसादाला शीर्षक असेल तर मी तुमच्याइतक्याच वेगाने खाली येतो. ते नसेल तर प्रत्येकाचे नाव, दिनांक, ‘उत्तर द्या’, ‘तक्रार करा’ हे सारे दर वेळी ऐकत बसावे लागते. माझा निम्मा वेळ त्यातच जातो.

लिहायचे असेल तेव्हा वाचनाच्या अवस्थेतून बाहेर पडून लेखनाच्या अवस्थेत जावे लागते. सुरुवातीला मी हे हमखास विसरत असे. ‘क’ उमटवण्यासाठी ‘के’ दाबावे, तर अक्षर न उमटता मी पुढच्या दुव्यावर जाऊन पडे, आणि एकदा तर अर्धे वाक्य लिहिल्याच्या समाधानात मी कोणाच्या तरी छायाचित्रांच्या संग्रहात पोहोचलो होतो.

चित्रांचा विषय निघालाच आहे तर तोही सांगतो. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेवरील आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते, हे येथे कोणाला सांगायला नको. इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट, हे आकडे सांगलीत शाळकरी मुलालाही पाठ असतात. त्या दिवसांत माझी बहीण गावभागात होती. मी ज्या गटात होतो तेथे दर तासाला पातळीचा तक्ता येत असे आणि माझा फोन दर तासाला एकच शब्द उच्चारी : ‘छायाचित्र’. कोयनेतून किती क्युसेक सोडले, पाणी चढते आहे की थांबले आहे, हे सारे त्या छायाचित्रात होते. गटातल्या सव्वाशे लोकांना ते कळत होते आणि मला शेजारच्यांचे दार वाजवावे लागत होते. दार वाजवण्याची मला लाज नाही. परंतु पहाटे तीन वाजता किती वेळा वाजवायचे?

आता मूळ प्रश्न. मला अक्षरे येतात, मी ती पाहिलेली आहेत. तरीही इतक्या वर्षांच्या ऐकीव वाचनानंतर शब्दांची चित्रे पुसट होत चालली आहेत. ‘पूर’ आणि ‘पुर’ यांतला फरक यंत्राने केला तरी वाढवलेल्या वेगात तो कानावरून निसटतो. ‘श’ आणि ‘ष’ माझ्या यंत्रातून सारखेच ऐकू येतात. मराठीचे शुद्धलेखन डोळ्यांसाठी रचलेले आहे असे मला अलीकडे वाटू लागले आहे. मला सवलत नको आहे. रीत हवी आहे. जाणकारांनी सांगावी.


हळदपेठ, सांगली

कृष्णाकाठ सर, पातळीचे ते तक्ते गटात टाकणाऱ्यांपैकी मी एक होतो, म्हणून सर्वांआधी मीच लिहितो. त्या वेळी दुकानात पाणी शिरण्याच्या भीतीने पोती माडीवर चढवणे चालले होते आणि हातात आलेले छायाचित्र पुढे पाठवणे हे एका बोटाचे काम होते. आकडे टंकण्याइतकी सवड नव्हती. हे समर्थन नाही, परंतु घडले ते असे घडले. तरी एक शंका आहे. आजकाल छायाचित्रातला मजकूर ओळखणारी साधने फोनमध्येच येतात, ती आपल्याला उपयोगी पडत नाहीत का? आणि दुसरे असे की, टंकण्याचा एवढा खटाटोप करण्याऐवजी फोनला बोलून मजकूर का लिहवून घेत नाही? मी स्वतः तसेच करतो.


अजिंक्यतारा, सातारा

मी महाविद्यालयात संगणक शिकवतो, म्हणून यामागची यंत्रणा थोडी सांगतो.

चित्रातला मजकूर ओळखणारी साधने आता देवनागरीही बऱ्यापैकी वाचतात. पण तक्ता आला की गोंधळ होतो. रकान्यांचे भान सुटले की ‘सकाळी ७’ एकीकडे राहते आणि ‘४३ फूट’ भलत्याच वेळेला जाऊन चिकटते. पुराच्या दिवसांत असा आकडा मिळण्यापेक्षा न मिळालेला बरा.

मराठीपुरत्या आणखी दोन अडचणी आहेत. पहिली जुन्या फॉन्टची. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत, रुळण्यापूर्वी आपण जे फॉन्ट वापरत होतो त्यांत संगणकाच्या लेखी मजकूर इंग्रजी अक्षरांचाच असे, केवळ त्या अक्षरांचे रूप देवनागरीचे दिसे. डोळ्याला ते उत्तम मराठी दिसते; स्क्रीन रीडर मात्र जे साठवलेले आहे तेच वाचतो आणि ऐकणाऱ्याच्या वाट्याला इंग्रजी अक्षरांची व चिन्हांची निरर्थक रांग येते. अजूनही कितीतरी परिपत्रके आणि कार्यवृत्ते अशाच फॉन्टमध्ये तयार होतात. दुसरी अडचण भाषेच्या खुणेची. पान मराठीत आहे असे त्याच्या रचनेत सांगितलेले नसेल, तर इंग्रजी आवाज देवनागरी वाचायला जातो आणि पुष्कळदा गप्पच बसतो. पान बनवणाऱ्याने एक छोटीशी नोंद केली असती तर हे टळले असते. मुलांना हे शिकवताना मी पडदा बंद करून एनव्हीडीए सुरू करतो आणि त्यांनीच बनवलेले पान त्यांना ऐकवतो. तासभराच्या व्याख्यानाने होत नाही ते दहा मिनिटांत होते.

थोडे विषयांतर. कृष्णाकाठ सर वापरतात तो एनव्हीडीए अंधांसाठी कोणा दयाळू डोळसाने बनवलेला नाही. मायकेल करन आणि जेम्स तेह हे त्याचे निर्माते ऑस्ट्रेलियातले दोन अंध तरुण. करन यांनी २००६ मध्ये काम सुरू केले, कारण त्या काळचे स्क्रीन रीडर संगणकापेक्षा महाग पडत होते. हा मोफत आहे आणि त्याचा कोड सर्वांना खुला आहे. जॉज या जुन्या आणि नावाजलेल्या स्क्रीन रीडरचे जनक टेड हेंटर मोटारसायकलच्या शर्यतींत उतरणारे होते. १९७८ च्या अपघातात त्यांची दृष्टी गेली. आपल्याकडचे म्हणाल तर टी. व्ही. रामन पुण्यात वाढले, चौदाव्या वर्षी काचबिंदूने दृष्टी गेली, पुणे विद्यापीठ आणि आयआयटी मुंबई करून ते कॉर्नेलला गेले आणि गणिताची समीकरणे आवाजातून ऐकवणाऱ्या प्रणालीवर त्यांनी १९९४ मध्ये पीएच.डी. मिळवली. मराठी मुलुखात हे नाव जितके माहीत असायला हवे तितके नाही, अशी माझी तक्रार आहे.


मेणवली, वाई

कृष्णाकाठ यांस नमस्कार. चूक दाखवताना आपली परिस्थिती मला ठाऊक नव्हती. ठाऊक असती तर मी काही बोलले नसते, असे मी आधी लिहिणार होते. आपला लेख वाचल्यावर ते वाक्य खोडले, कारण आपण सवलत नाकारली आहे आणि त्या नकाराचा मान ठेवणे माझे काम आहे.

आपण रीत मागितली आहे, म्हणून शिक्षिकेच्या सवयीने सांगते. आपला शब्द सुदैवाने नियमात बसणारा आहे. शेवटचे अक्षर अकारान्त असेल तर मराठी शब्दात त्याच्या आधीचा इकार किंवा उकार दीर्घ असतो : पूर, फूल, मूल, खीर, वीट. त्याच शब्दाला प्रत्यय लागला की तो ऱ्हस्व होतो : पुराचे, फुलाला, मुलाने, खिरीत, विटेवर. शब्दाच्या शेवटी येणारा इकार वा उकार दीर्घच लिहायचा. ‘आणि’, ‘नि’ यांसारखे मोजके अपवाद. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द मात्र आपले मूळ सोडत नाहीत, म्हणून ‘गुण’ ऱ्हस्वच राहतो आणि ‘दूत’ हा ‘दूताला’ लिहितानाही दीर्घ राहतो. एवढे ध्यानात ठेवले तर बऱ्याच शब्दांसाठी डोळ्याची गरज नाही, कारण हे नियम आहेत, चित्रे नव्हेत.

‘श’ आणि ‘ष’ यांच्यापुढे मात्र मीही हात टेकते. चाळीस वर्षे शिकवताना मी डोळस मुलांनाही ‘पोटफोड्या ष’ असेच सांगत आले, म्हणजे शेवटी चित्रच दाखवत आले. आणखी एक विचारते : आमच्या वाईत विश्वकोशाचे काम झाले, तो आता संकेतस्थळावर आहे. आपल्याला तो वाचता येतो का?


मिरज जंक्शन, मिरज

मी जन्मांध आहे आणि कृष्णाकाठ यांच्याशी माझे एका मुद्द्यावर मुळीच जमत नाही. शुद्धलेखन डोळ्यांसाठी रचलेले आहे, हे विधान डोळे असलेल्या आणि मग ते गमावलेल्या माणसाचे आहे. मी ‘पूर’ हा शब्द कधी पाहिला नाही, पण तो मला दीर्घच ठाऊक आहे, कारण मी तो बोटाने वाचलेला आहे.

भारतीय भाषांसाठी १९५१ मध्ये सहा ठिपक्यांची जी समान ब्रेल लिपी ठरली तिच्यात ‘उ’ म्हणजे पहिला, तिसरा आणि सहावा ठिपका, तर ‘ऊ’ म्हणजे पहिला, दुसरा, पाचवा आणि सहावा. बोटाखाली ही दोन चिन्हे एकमेकांची भावंडेसुद्धा वाटत नाहीत. ‘इ’ दोन-चार, ‘ई’ तीन-पाच. ‘श’ एक-चार-सहा, ‘ष’ एक-दोन-तीन-चार-सहा. बाई, तुमचा पोटफोड्या ष माझ्या बोटाला पाच ठिपक्यांचा भरगच्च ‘ष’ म्हणून लागतो. त्याची ‘श’शी गल्लत होणे मला अशक्य आहे. शिवाय ब्रेलमध्ये वेलांटी व्यंजनाच्या नंतरच येते, जशी ती उच्चारात येते. तुम्ही ‘कि’ लिहिताना आधी वेलांटी काढता आणि मग ‘क’. हे मला शाळेत कोणीतरी सांगितले तेव्हा मी मनसोक्त हसले होते.

माझे दुखणे निराळे आहे. बोलणारा फोन हाती आला आणि आमच्या पुढच्या पिढीने ब्रेल सोडले. आता मला लिहिणारी अंध मुले बुद्धिमान आहेत, चपळ आहेत, मिनिटाला तीनशेहून अधिक शब्द सहज ऐकतात, पण ती लिहितात तेव्हा ‘विशेष’चा ‘विशेश’ होतो. त्यांनी तो शब्द जन्मात कधी वाचलेलाच नसतो, केवळ ऐकलेला असतो. ऐकणे आणि वाचणे यांत फरक आहे हे डोळस माणसे मान्य करतात, आमच्या बाबतीत मात्र ‘ऐकता ना, मग झाले’ असे म्हणतात. संगणकाला जोडता येणारी ब्रेल पट्टी असते, तिच्यावर टाचण्या वरखाली होऊन पडद्यावरची ओळ बोटाखाली उमटते आणि एनव्हीडीए तिला मजकूर पुरवतो. ती महाग आहे, हे खरे दुखणे. माझ्याकडे एक आहे आणि मी हा सारा धागा तिच्यावरच वाचला, म्हणून अजिंक्यतारा सरांनी काना, मात्रा कोठे चुकवली नाही हे मी खात्रीने सांगू शकते.


कृष्णाकाठ, सांगली

ताई, आपले म्हणणे मला लागले आणि ते बरोबर असल्यामुळे अधिक लागले. पंचेचाळिसाव्या वर्षी मी ब्रेल शिकायला बसलो होतो. बोटांची जाड झालेली त्वचा आणि माझा आळस या दोघांनी मिळून तो बेत बुडवला.

परंतु आपल्या ठिपक्यांविषयी वाचताना, म्हणजे ऐकताना, मला माझ्याच हातांविषयी एक गोष्ट उमगली. मी इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांसाठीच्या कळफलकावर टंकतो. त्यात स्वर डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाताला आहेत. इंग्रजी ‘एफ’च्या कळीवर जो बारीक उंचवटा असतो, ज्याच्या आधाराने न पाहणारा माणूस हात जागेवर ठेवतो, त्या कळीवर पहिली वेलांटी आहे. दुसरी वेलांटी तिच्या वरच्या ओळीत, ‘आर’वर. पहिला उकार ‘जी’वर आणि दुसरा त्याच्या वर, ‘टी’वर. चारही चिन्हे डाव्या तर्जनीची. म्हणजे ऱ्हस्व लिहायचे तर बोट खालीच राहते आणि दीर्घ लिहायचे तर ते वर जाते. येथेही वेलांटी व्यंजनानंतरच द्यायची असते, म्हणजे आपल्या ब्रेलसारखेच. बाईंनी दिलेले शब्द मी काल संध्याकाळी तासभर टंकत बसलो : पूर, बोट वर, पुराचे, बोट खाली. कानाला जे लक्षात राहत नव्हते ते तर्जनीला राहील, असे वाटू लागले आहे. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हीदेखील माझी नेहमीची फसगत. यंत्र दोन्ही जवळजवळ सारखेच उच्चारते. पण दऱ्यांमधला ‘ऱ’ शिफ्ट दाबून येतो आणि समुद्राचा साधा येतो. सह्याद्रीत उतरायचे तर करंगळीला कष्ट द्यावे लागतात, हे मी आता विसरणार नाही.

हळदपेठ शेठ, बोलून लिहिण्याविषयी विचारलेत. मी तेही करतो, विशेषतः रिक्षात. मात्र बोललेले यंत्राने काय लिहिले ते मला पुन्हा ऐकूनच तपासावे लागते आणि ‘दिन’च्या जागी ‘दीन’ लिहिले गेले असेल तर ऐकून ते कळणार कसे? शिवाय विरामचिन्हे गळतात. ती नसली तर तुम्ही डोळ्याने सावरून घेता. स्क्रीन रीडर दोन वाक्ये एका दमात म्हणून टाकतो. एखाद्याशी मतभेद असेल तेव्हा तर मी टंकूनच लिहितो, कारण घरात मोठ्याने भांडण बोलून लिहवून घेतले की बायको विचारते, कोणावर चिडलात?

बाई, विश्वकोश वाचता येतो. नोंदी अक्षररूपात आहेत, त्यामुळे आवाज अडत नाही. सूत्रे आणि आकृत्या आल्या की मी पुढे जातो.


बेदाणा, तासगाव

सर्वांचे लेखन वाचले. माझा प्रश्न साधा आहे. माझ्या सासऱ्यांची दृष्टी काचबिंदूने जवळजवळ गेली आहे. नातेवाइकांच्या गटात ते पूर्वी भरभरून लिहीत. आता फोन उशाशी पडून असतो. टॉकबॅक सुरू करून दिला तर त्यांनी दुसऱ्याच दिवशी बंद करायला लावला, कारण नेहमीसारखा स्पर्श केला की काही उघडतच नाही. कोठून सुरुवात करावी?


मिरज जंक्शन, मिरज

ताई, सगळ्यांचेच तेथे अडते. टॉकबॅक सुरू असताना एका स्पर्शाने वस्तूचे नाव ऐकू येते आणि ती उघडण्यासाठी त्यानंतर दोनदा टिचकी मारावी लागते. बोट उजवीकडे सरकवले की पुढची वस्तू, डावीकडे सरकवले की मागची. पान वर सरकवायला दोन बोटे. पहिला आठवडा त्यांना एवढेच करू द्या; फोन उचलणे आणि एकाच गटातले निरोप ऐकणे. आवाज मराठी निवडा आणि वेग मुद्दाम कमी ठेवा. ध्वनीच्या दोन्ही कळा एकत्र धरून टॉकबॅक चालू-बंद करण्याची सोय सेटिंगमध्ये लावून द्या, म्हणजे कोणाला हाक न मारता ते स्वतः बंद करू शकतील. बंद करणे हातात असले की माणूस चालू ठेवायला तयार होतो, हा माझा अनुभव.

आणि त्या गटातल्या पुतण्या-भाच्यांना सांगा की वाढदिवसाला केकची वीस चित्रचिन्हे ओळीने लावू नका. तो फोन वीसही केक एकेक करून मोजून दाखवतो.


अजिंक्यतारा, सातारा

गटात किंवा संकेतस्थळावर नाव नोंदवतानाच अडणारे लोकही आहेत, त्यांचा उल्लेख राहून गेला. ‘वेडीवाकडी अक्षरे ओळखा’ हा दरवाजा अंध माणसाला उघडतच नाही आणि त्याला ध्वनीचा पर्याय असला तरी तो बहुधा इंग्रजी आकड्यांचा, खरखरीत आवाजातला असतो. ओळख पडताळणीसाठी ‘कॅमेऱ्याकडे पाहून पापण्या मिटा’ ही अटही तशीच. त्याच प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी निकाल देताना डिजिटल सुविधा मिळणे हा अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग मानला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही हे बंधन आहेच. अंमलबजावणीविषयी बोलायला वेगळा धागा लागेल.


हळदपेठ, सांगली

वादासाठी नाही, पण एक स्पष्टपणे सांगतो. दिवसाला शंभर निरोप इकडून तिकडे करणारा माणूस प्रत्येक चित्राखाली वर्णन लिहील, हे होणार नाही. मीही लिहिणार नाही. ज्यात आकडे आहेत एवढे मात्र लिहीन, हे मला जमण्यासारखे आहे. काल सरावासाठी लिहून पाहिले : ‘आयर्विन पूल, सकाळी ७ वाजता, पातळी १४ फूट, पाणी स्थिर.’ टंकायला अर्धे मिनिटही लागले नाही. आकडा उदाहरणादाखल आहे, कोणी घाबरू नये.

दुसरे असे की मी रोज यार्डातले हळदीचे भाव तक्त्याच्या चित्रातच पाठवतो. सर, आपल्याला हळदीच्या भावाशी काही कर्तव्य आहे का? असल्यास ते कसे लिहावे?


कृष्णाकाठ, सांगली

शेठ, सांगलीत राहून हळदीच्या भावाशी कर्तव्य नाही असा माणूस मला अजून भेटलेला नाही. एका ओळीत एकच प्रत लिहा. आधी प्रतीचे नाव, मग कमीत कमी भाव, मग जास्तीत जास्त भाव. मधली जागा सोडण्यासाठी टिंबांची किंवा आडव्या रेघांची रांग काढू नका, काही आवाज ती टिंबेही वाचतात. प्रत्येक ओळीच्या शेवटी पूर्णविराम द्या, नाहीतर माझ्या फोनवर राजापुरीचा भाव सेलमला लागतो.